नॉर्म, रेटिंग आणि दहावीचं वर्ष

जिल्हा स्पर्धेत नऊ वर्षांखालच्या गटात मुलगी पहिली येते, पेपरात फोटो छापून येतो, आणि मग आठवडाभर घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "मग आता ग्रँडमास्टर कधी?" ग्रँडमास्टर हा एक किताब आहे. त्याच्या अटी छापील आहेत, त्या मोजता येतात. बुद्धिबळावर आयुष्य उभं करणं हे त्याहून लांब पल्ल्याचं आणि बरंच वेगळं काम आहे. पालकांनी या दोन गोष्टींचा हिशेब सुरुवातीपासूनच वेगवेगळ्या पानांवर मांडावा, असं माझं सांगणं आहे. खेळाडू स्वतः चौदा-पंधरा वर्षांचा असेल तर हा लेख त्याने किंवा तिनेच वाचलेला बरा.

नाशिकच्या विदित गुजराथीची कारकीर्द या हिशेबासाठी समोर ठेवू. त्याचा जन्म १९९४ चा. २००८ साली व्हिएतनाममध्ये तो चौदा वर्षांखालच्या गटात जगज्जेता झाला. आपल्या वयाच्या जगातल्या सगळ्या मुलांत पहिला! तरीही ग्रँडमास्टर किताब त्याला मिळाला २०१३ मध्ये. २७०० रेटिंगचा टप्पा त्याने २०१७ साली ओलांडला. त्याआधी विश्वनाथन आनंद, शशिकिरण आणि हरिकृष्ण या तीनच भारतीयांना ते जमलं होतं. २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये रशियाबरोबर संयुक्त सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघाचा तो कर्णधार होता. २०२३ मध्ये आइल ऑफ मॅनवर ग्रँड स्विस स्पर्धेत तो पहिलाच डाव हरला. ११ फेऱ्यांच्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी शून्य. पुढे त्याने ८.५ गुणांपर्यंत मजल मारली, स्पर्धा जिंकली आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळवली. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरँटोच्या कँडिडेट्समध्ये त्याने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, तरी आठ जणांत तो सहावा आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात तो होता.

या तारखांमधली अंतरं पाहा. वयोगटातलं जगज्जेतेपद ते किताब, पाच वर्षं. किताब ते कँडिडेट्स, अकरा. तुमच्या मुलाने राज्यस्तरीय स्पर्धा जिंकली आणि पुढची दोन वर्षं त्याच्या हाती काही लागलं नाही, तर त्यात वाईट काही घडलेलं नाही. या खेळात असंच चालतं. वयोगटातलं पदक मुलात ताकद आहे एवढंच सांगतं; ती ताकद पंचविशीच्या कसलेल्या खेळाडूपुढे टिकेल का, हे सांगत नाही.

वाट मात्र प्रत्येकाची वेगळी असते. प्रवीण ठिपसे यांनी राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा मिळवलं, पण किताब हाती आला १९९७ मध्ये, ऐन अडतिशीच्या तोंडावर. त्या काळी देशात परदेशी ग्रँडमास्टर येऊन खेळतील अशा स्पर्धा मोजक्या होत्या आणि नॉर्मसाठी, म्हणजे किताबाला लागणाऱ्या ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतल्या कामगिरीसाठी, परदेशवारीला पर्याय नव्हता. त्याउलट नागपूरच्या संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये सर्बियात लागोपाठ तीन स्पर्धा खेळून अवघ्या २४ दिवसांत तिन्ही नॉर्म पूर्ण केले. आणि नागपूरच्याच दिव्या देशमुखने तर नॉर्मची पायरीच गाळली. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत तिने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं आणि विजेतीला मिळणाऱ्या थेट किताबाने ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तोवर तिच्या नावावर एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. म्हणून शेजारच्या मुलाच्या वयाशी आणि रेटिंगशी तुलना करायचा मोह आवरा. तुलना करायचीच असेल तर आपल्याच मुलाच्या गेल्या वर्षीच्या डावांशी करा.

आता आकडे. हा भाग रुक्ष आहे, पण पालक सर्वांत जास्त पैसे इथेच वाया घालवतात, म्हणून थोडं थांबून वाचा.

फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेचं क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं, रेटिंग १४०० पासून सुरू होतं. मार्च २०२४ पूर्वी ते १००० पासून होतं. रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव झाले की पहिलं रेटिंग निघतं आणि हे पाचही डाव एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही. पुढे प्रत्येक डावातून किती गुण येणार किंवा जाणार, हे समोरच्याच्या रेटिंगवर आणि तुमच्या खेळाडूला लागू असलेल्या गुणकावर ठरतं. नियमावलीत या गुणकाला 'के' म्हणतात. अठरा वर्षांखालच्या आणि २३०० च्या आतल्या खेळाडूला तो ४० असतो. १६०० च्या मुलाने १६०० च्याच खेळाडूला हरवलं तर २० गुण वाढतात. १८०० च्या खेळाडूला हरवलं तर ३० च्या आसपास वाढतात आणि त्याच्याकडून हरला तर जेमतेम १० जातात. १४०० च्या मुलाला हरवून मात्र १० च मिळतात, त्याच्याकडून हरलं की ३० गेले.

यातून स्पर्धा कोणती निवडायची हे आपोआप कळतं. ज्या स्पर्धेच्या मानांकन यादीत तुमचं मूल मधल्या किंवा खालच्या भागात आहे, तिथे खेळवा. यादीत पहिल्या पाचात नाव पाहून सुखावणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. तिथे मुलाला मिळवायला थोडं आणि गमवायला भरपूर असतं. शिवाय नऊपैकी पाच-सहा फेऱ्या शिकण्यासारखं फारसं काही समोर येत नाही. दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या पुष्कळ मुलांची खरी ताकद त्यांच्या रेटिंगच्या पुढे असते. १४५० चं रेटिंग आणि १८०० चा खेळ असलेलं एखादं दहा वर्षांचं पोर समोर येतं आणि डाव हातचा जातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण म्हणूनच वर्षाचा निकाल एका स्पर्धेवरून लावू नका.

आणि '१६०० च्या खालच्यांसाठी' अशा स्पर्धांचं काय? बक्षिसं मोठी असतात, गर्दी होते. मुलाला नऊ फेऱ्यांची सवय व्हावी म्हणून एखाददुसरी खेळवायला हरकत नाही. पण बक्षिसाच्या आशेने रेटिंग मुद्दाम खाली ठेवणारे खेळाडू आहेत आणि त्यांना तसं करू देणारे, प्रसंगी तसं सुचवणारे पालकही आहेत. हा सरळसरळ लबाडीचा धंदा आहे. शिवाय हरायचं ठरवून खेळलेल्या डावातून मुलाला पटावरचं काहीच मिळत नाही.

'के'ची आणखी एक गंमत आहे. खेळाडूला ज्या वर्षी अठरा वर्षं पूर्ण होतात ते वर्ष संपलं की गुणक २० होतो. रेटिंगने २४०० गाठलं की तो १० वर येतो आणि नंतर रेटिंग कितीही घसरलं तरी १० च राहतो. म्हणजे २४०० ते २५०० ही शेवटची शंभर गुणांची चढण आपल्याच ताकदीच्या खेळाडूंवर निव्वळ वीस विजय मागते. त्या पातळीवर निम्म्याहून अधिक डाव बरोबरीत सुटू शकतात, हे लक्षात घेतलं की २४५० वर अनेक गुणी खेळाडू वर्षानुवर्षं का अडकतात ते समजतं.

किताबासाठी हे २५०० रेटिंग एकदा स्पर्शून गेलं तरी पुरतं, स्पर्धेच्या मध्यावर असलं तरी चालतं. त्याशिवाय तीन नॉर्म लागतात, मिळून किमान २७ डावांचे. एका नॉर्मसाठी साधारणपणे नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० च्या तोडीची कामगिरी हवी. प्रतिस्पर्ध्यांची सरासरी किमान २३८० असावी लागते. त्यांतले किमान निम्मे किताबधारक आणि किमान एक तृतीयांश ग्रँडमास्टर असावे लागतात, आणि किती देशांचे खेळाडू समोर आले यालाही अटी आहेत. सरासरी २३८० असेल तर नऊपैकी सात गुण लागतात. २४७५ असेल तर सहा पुरतात. फेरी सुरू होण्यापूर्वी हा हिशेब प्रशिक्षकाने किंवा पालकाने करून ठेवावा, खेळाडूच्या डोक्यात तो घोळत राहू नये. पंचांकडून नॉर्मचं प्रमाणपत्र सही करून त्याच दिवशी घ्या. 'नंतर पाठवतो' यावर विसंबून गाव सोडू नका.

नॉर्मसाठी युरोपात लहान साखळी स्पर्धा भरतात. दहा खेळाडू, नऊ फेऱ्या, समोर कोण येणार हे आधीच माहीत. सर्बिया आणि हंगेरी ही त्यांची जुनी ठिकाणं. सोय आहे, पण खर्चिक आहे, आणि क्वचित अशा स्पर्धांमध्ये ठरवून सोडवलेल्या डावांची कुजबुजही ऐकू येते. जायचं तर नाव असलेल्या आयोजकांकडेच जा. मुलाची कामगिरी गेल्या तीन-चार स्पर्धांत २५०० च्या आसपास होत नसेल तर नॉर्मसाठी विमानाचं तिकीट काढण्यात अर्थ नाही. तोच पैसा प्रशिक्षणावर आणि मोठ्या खुल्या स्पर्धांवर जास्त कारणी लागतो.

इथवर पोहोचण्याची वाट सुरू होते ती जिल्हा संघटनेच्या नोंदणीपासून. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, राष्ट्रीयमधून आशियाई आणि जागतिक. आपल्या राष्ट्रीय वयोगट स्पर्धा ७, ९, ११ पासून १९ पर्यंत विषम वयांच्या असतात, जागतिक स्पर्धा ८, १०, १२ अशा सम वयांच्या. कारण निवड होते एका वर्षी आणि खेळणं पुढच्या वर्षी. वय १ जानेवारीला मोजतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलाला वर्षभर फायदा मिळतो आणि डिसेंबरच्या मुलावर अन्याय होतो. डिसेंबरात जन्मलेल्या मुलाच्या पालकांनी थोडा धीर धरावा. दिव्या देशमुखचा वाढदिवस ९ डिसेंबरला असतो.

प्रशिक्षक निवडताना बहुतेक जण किताब पाहतात. १३००-१४०० च्या मुलाला ग्रँडमास्टर प्रशिक्षकाची गरज नसते. मुलापेक्षा तीन-चारशे गुणांनी वर असलेला, गावातलाच, आठवड्यातून दोनदा समोर बसणारा शिक्षक पुरेसा होतो. त्याची पारख करायची तर एकच करा: गेल्या स्पर्धेतले मुलाने हरलेले डाव त्याने मुलाकडून पटावर मांडून घेतले का, ते विचारा. जो नुसत्या ओपनिंगच्या फाइली पाठवतो आणि हरलेल्या डावांबद्दल बोलत नाही, त्याच्याकडे फार दिवस राहू नका. मूल १८००-१९०० च्या पुढे गेलं की गुरू बदलावा लागतो. चांगला शिक्षक हे स्वतःहून सांगतो.

घरी करायचं काम साधं आणि कंटाळवाणं आहे. प्रत्येक क्लासिकल डाव मुलाने स्वतः वहीत उतरवायचा आणि जिथे चुकलं असं वाटतं तिथे आपल्या शब्दांत एक ओळ लिहायची. ते झाल्यावरच संगणकाचं इंजिन लावायचं. इंजिन आधी लावलं की ते उत्तर देऊन मोकळं होतं आणि मुलाचा विचार सुरूच होत नाही. एंडगेमचा अभ्यास मुलांना नकोसा असतो, पण चार-साडेचार तास चालणाऱ्या डावाचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. हत्ती आणि प्यादी उरली असताना बरोबरी राखता येणं म्हणजे वर्षाकाठी अनेक अर्धे गुण. मोबाइलवरचे तीन-तीन मिनिटांचे डाव खेळू द्या, पण त्यांना सराव म्हणू नका. आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये खेळाडूच्या खिशात मोबाइल सापडला तर डाव हरल्याचा निर्णय होऊ शकतो, हे आईवडिलांनीही ध्यानात ठेवावं. दप्तरात घाईघाईने फोन टाकणारे बहुधा तेच असतात.

शाळेचा प्रश्न सर्वांत नाजूक. चेन्नईच्या डी. गुकेशने चौथीनंतर नियमित शाळा सोडली आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याच्या वडिलांनी त्याच्यासाठी आपली डॉक्टरकी बाजूला ठेवली. ही गोष्ट आता घरोघर सांगितली जाते आणि तिच्यामुळे काही घरांत भलते निर्णय होत आहेत. गुकेश बारा वर्षं सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला होता. अशी गती दिसत असेल तर शाळेबद्दल वेगळा विचार जरूर करा. ती दिसत नसताना सातवीतल्या मुलाला शाळेतून काढणं मला धोक्याचं वाटतं. विश्वनाथन आनंदने चेन्नईच्या लोयोला कॉलेजातून बी. कॉम. केलं आहे. मुंबईचा सागर शाह इंटरनॅशनल मास्टर आहे आणि चार्टर्ड अकाउंटंटही.

माझा स्वतःचा अंदाज असा. तो नियम नाही, पण आजवर पाहिलेल्यावरून बांधलेला आहे. दहावीच्या आधी मूल २२०० च्या आसपास असेल आणि आलेख चढता असेल, तर दहावीनंतरची दोन वर्षं बुद्धिबळाला झुकतं माप द्यायला हरकत नाही. कमी हजेरी चालवून घेणारं कॉलेज शोधा, शाखा सोपी घ्या, पण बारावी द्या. बारावीनंतर २४०० आणि एखादा नॉर्म हाती असेल तर पूर्णवेळ खेळायचा विचार करता येतो. यापेक्षा मागे असेल तर खेळ चालू ठेवावा आणि पदवीही घ्यावी. दहावीच्या वर्षात स्पर्धा पूर्ण बंद करण्याच्या मी विरोधात आहे. वर्षभर पटापासून लांब राहिलेल्या मुलाला परत लय पकडायला वेळ लागतो आणि पाठीमागून येणारी पोरं तोवर पुढे गेलेली असतात. दिवाळीपर्यंत खेळवा, मग बोर्डाच्या परीक्षेपर्यंत थांबा.

खर्चाबद्दल आकडा सांगत नाही, कारण तो घरागणिक बदलतो. पण कोष्टक करताना प्रवेश फी, प्रवास, मुलाबरोबर जाणाऱ्या एकाचा राहण्याचा खर्च, प्रशिक्षक आणि परदेशी स्पर्धा हे कप्पे ठेवा. शिवाय आईच्या किंवा वडिलांच्या बुडालेल्या रजा आणि मिळकत यांचाही कप्पा ठेवा. तो बहुतेक जण विसरतात आणि मोठा खड्डा तिथेच पडतो. घर गहाण ठेवून मुलाला परदेशी पाठवू नका. अशा घरात हरलेला प्रत्येक डाव मुलाला कर्जाचा हप्ता वाटू लागतो.

सरकारी बाजूही पाहून ठेवा. महाराष्ट्रात क्रीडा कामगिरीवर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्तरावरची, कोणत्या क्रमांकाची कामगिरी धरतात याचे नियम बदलत राहतात. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दरवर्षी जाऊन विचारा आणि मूळ प्रमाणपत्रं जपा. रेल्वे आणि तेल कंपन्या बुद्धिबळपटूंना नोकरी देत आल्या आहेत. कोनेरू हंपी ओएनजीसीत आहे. अशी नोकरी मिळाली तर पगार सुरू राहतो आणि खेळायला रजाही मिळते.

किताबानंतरचं चित्र काय? जगात आजवर दोन हजारांच्या आसपास ग्रँडमास्टर झाले आहेत आणि केवळ बक्षिसांवर सुखाने जगणारे त्यांतले मूठभर. बाकीचे शिकवतात, दुसऱ्या खेळाडूंसाठी ओपनिंगची तयारी करतात, समालोचन करतात, यूट्यूबवर डाव समजावतात, स्पर्धा भरवतात. हे अपयश नाही. चेन्नईच्या आर. बी. रमेश यांनी ग्रँडमास्टर झाल्यावर काही वर्षांनी इंडियन ऑइलमधली नोकरी सोडली आणि २००८ मध्ये पत्नी आरती रामस्वामी यांच्यासह अकादमी काढली. ग्रँडमास्टर प्रज्ञानंद त्यांच्या हाताखाली तयार झाला. आपल्या मुलाला शिकवायला आवडतं का, डाव समजावून सांगता येतो का, इंग्रजीत चार वाक्यं धीटपणे बोलता येतात का, याकडे पंधराव्या-सोळाव्या वर्षापासूनच लक्ष द्या. सुट्टीत सोसायटीतल्या लहान मुलांना शिकवायला बसवा. त्याचा स्वतःचा खेळही त्यामुळे सुधारतो.

पुण्याचे अभिजित कुंटे २००० साली भारताचे चौथे ग्रँडमास्टर झाले. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण मिळवलं, तेव्हा खुल्या संघात विदित होता, महिला संघात दिव्या होती, आणि त्या महिला संघाचे कर्णधार कुंटे होते. त्यांनी तिथे पटावर एकही खेळी केली नाही.